तहसीनबाजी आणि चाळीस सेकंद

तहसीनबाजींच्या शेजारी बसून सिनेमा बघणं ही शिक्षा आहे, असं माझी बायको मंदा म्हणते, आणि तरी प्रत्येक वेळी त्यांच्याच शेजारची खुर्ची धरते. बाजी म्हणजे उर्दूत थोरली बहीण, सगळे त्यांना तेच म्हणतात. त्यांचं गोष्टीकडे लक्ष नसतं. नायक, नायिका, गाणी, मारामारी, कशाचंच त्यांना पडलेलं नसतं. त्या एका बाईची वाट बघत असतात. ही बाई तुम्हीही पाहिली आहे. सिनेमात मुसलमान मोहल्ला आला की आधी मिनार दिसतो, मग कबाबाचा धूर, आणि मग काळा बुरखा घातलेली एक बाई डावीकडून उजवीकडे चालत जाते. तीन सेकंद, फार तर चार. तिला नाव नसतं, वाक्य नसतं. ती दिसली की बाजी त्या अंधारात चांगल्या खणखणीत आवाजात विचारतात, "ही चालली कुठं?"

पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतात. बाजी त्यांनाच समजावून सांगतात, "नाही, अकराचं ऊन दिसतंय. हातात पिशवी नाही, म्हणजे बाजार नाही. नातेवाइकाकडे जायचं तर सोबत कुणीतरी असतं. मला वाटतं, आधार कार्डावरचं नाव दुरुस्त करायला चालली." एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "बाई, सिनेमा बघू द्या." त्यावर बाजी म्हणाल्या, "बघा ना. पण ती गेली निघून. आता काय बघणार तुम्ही?"

माझं नाशकात द्वारकेजवळ एक छोटं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. सायखेड्याच्या भजनी मंडळापासून रिक्षावर भोंगा लावून फिरणाऱ्या जाहिरातींपर्यंत सगळं मी तिथं रेकॉर्ड करतो. माझा धंदा कानाचा. माणूस बोलायला लागला की तो खरं बोलतोय का, हे मला चेहरा न बघता कळतं, असा माझा तीस वर्षं समज होता. बाजींनी तो मोडला, म्हणून हे सांगतोय.

बाजी मूळच्या मालेगावच्या. वडिलांचे यंत्रमाग, घरात माणसं खंडीभर, आणि प्रत्येकाला सिनेमाचं वेड. लग्न होऊन नाशकात भद्रकालीला आल्या. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा. आता मुसलमानांच्या लग्नात बायकांची बाजू वेगळी असते. तिथं पुरुष कॅमेरा घेऊन जाऊ शकत नाही. नवऱ्यानं तिसऱ्याच महिन्यात बाजींच्या हातात कॅमेरा दिला आणि पुरुषांची बाजू मी, बायकांची तू, अशी वाटणी केली. सातव्या वर्षी मुंबई-आग्रा रस्त्यावर अपघातात तो गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले. बाजी गेल्या नाहीत. सासू एकटी पडेल म्हणाल्या. खरं तर सासूनंच त्यांना जाऊ दिलं नाही, असं सासू सांगायची. त्या दोघींत हा वाद कधी मिटला नाही.

तेव्हापासून बाजी एकट्यानं बायकांच्या बाजूचं शूटिंग करतात. नाशिक, घोटी, मालेगाव, जिथून बोलावणं येईल तिथं. आणि त्यांचा एक नियम आहे. बायकांच्या बाजूची एक चौकटसुद्धा आजवर कुठल्या पुरुषानं पाहिलेली नाही. एडिटिंग त्या स्वतः करतात. मेमरी कार्डं स्टुडिओत ठेवत नाहीत, स्वयंपाकघरातल्या जुन्या मसाल्याच्या डब्यात ठेवतात. हळदीच्या वाटीत या वर्षीची लग्नं, मोहरीच्या वाटीत गेल्या वर्षीची. मंदानं एकदा विचारलं, "अहो, हे कुणी चोरलं तर?" बाजी म्हणाल्या, "आमच्या घरात मसाल्याच्या डब्याला हात लावायची पुरुषांची हिंमत नव्हती, अन् आता पुरुषच नाही."

या नियमामुळे माझी पंचाईत व्हायची. आवाज साफ करायला त्या माझ्याकडे यायच्या. मग मॉनिटर त्यांच्याकडे वळवलेला, माझ्याकडे त्याची पाठ. त्या चित्र बघायच्या, मी नुसतं ऐकायचो. "इथं नवरीची मावशी बोलतेय, तिला जरा वर घ्या. इथं पंखा आहे, त्याला खाली घाला." अशी आम्ही शेकड्यानं लग्नं केली. एकाही नवरीचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण कुठली मावशी भांडकुदळ होती, हे मला आजही सांगता येईल.

अधूनमधून बाहेरून सिनेमावाले यायचे. कुणीतरी बाजींचा नंबर दिलेला असायचा. एकदा मुंबईची एक पोरगी आली, अतिशय गुणी, डोळ्यांत पाणी तयार. मी तिथंच होतो. तिला मुस्लिम स्त्रियांच्या दुःखावर फिल्म करायची होती. म्हणाली, "मला एक जाळीची खिडकी हवी, आणि त्यातून बाहेर बघणारी एक बाई." बाजींनी जरा विचार केला. "आमच्या खिडकीतून बाहेर बघितलं की समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते. ती भरून वाहते का तेवढंच आम्ही बघतो. चालेल?" पोरीनं वही मिटली. मग बाजी म्हणाल्या, "आधी जेवून घे. दुःखाचं जेवणानंतर बघू." जेवताना सासूबाईंनी, म्हणजे बाजींच्या अम्मींनी, तिला इतक्या गोष्टी सांगितल्या की ती हसून हसून ठसकली. जाताना खिम्याची कृती लिहून घेऊन गेली. खिडकीचा विषय परत निघाला नाही.

ती गेल्यावर बाजींनी ताटं उचलली. मग म्हणाल्या, "भाऊ, ती आत्ता जेवताना ज्या अम्मींबरोबर हसली ना, त्या तिच्या फिल्ममध्ये नसणार. खिडकीतलीच असणार. तिची चूक नाही. तिनं तेवढंच पाहिलंय." आणि मग, "मलाच करायला पाहिजे."

केलं त्यांनी. रमजानच्या आधी त्यांच्या गल्लीतल्या बायका एका गच्चीवर जमून शेवया करतात. हातानं फिरवायचं यंत्र, काठ्यांवर वाळत टाकलेल्या शेवया, आणि सात बायका. बाजींनी त्या एका दुपारची वीस मिनिटांची फिल्म केली. बाकी काही नाही. बायका बोलतात, एकमेकींची टिंगल करतात, नवऱ्यांच्या नकला करतात. एक जण सिनेमातल्या मुसलमान मुलीची नक्कल करते, कपाळाला हात लावून, "अब्बाजान, मुझे पढ़ने दो," आणि दुसरी अब्बाजान होऊन म्हणते, "पढ़ ले बेटी, पहले ये आटा छान दे." त्यावर सगळ्या कोसळतात. तेव्हा हे मला नुसतं ऐकून ठाऊक होतं. बघायचा प्रश्नच नव्हता, मॉनिटरची पाठ नेहमीप्रमाणे माझ्याकडे होती.

नेमकी याच कामात माझ्या हातून चूक झाली. त्या दिवशी बाजींना घोटीला लग्न होतं. नुसता आवाज माझ्याकडे ठेवून गेल्या. मी एकटाच बसलो. हसण्याच्या त्या प्रसंगात मागे सतत एक सूं सूं येत होता. हवा गळावी तसं, मधूनच शीळ. मी म्हटलं, माइकची वायर ढिली असणार, नाहीतर यंत्राचं काहीतरी. सगळी विद्या पणाला लावली आणि तो आवाज मुळापासून काढून टाकला. इतकं स्वच्छ काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. स्वतःवर खूश होऊन मी चहा मागवला.

दोन दिवसांनी बाजी आल्या. चित्राबरोबर आवाज लावला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत मी शाबासकीची वाट बघत होतो. त्यांनी मध्येच थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं. मग हळू म्हणाल्या, "भाऊ, अम्मी कुठं गेल्या?"

"अम्मी यात आहेत?"

"मधोमध बसल्यात. तोंड उघडलंय, खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी येतंय. आवाजच नाही. तुम्ही त्यांना पुसून टाकलं."

तो सूं सूं म्हणजे अम्मींचं हसणं होतं. दात सगळे गेलेले, दम्याची छाती. त्या हसल्या की आवाज फुटायचा नाही, नुसता वारा निघायचा. त्यांच्या हातचं मी कितीदा जेवलो होतो. पण माझ्यासमोर त्या कवळी लावून, पदर नीट करून, तोंडावर हात धरून हसायच्या. घरातल्या बायकांत त्या कशा हसतात, हे मला कळायची सोयच नव्हती. मूळ आवाज मी जपून ठेवला होता, तो दहा मिनिटांत परत लावला. नुकसान काही झालं नाही. पण माणसाचं हसणं मी बिघाड समजलो, याची मला अजून लाज वाटते.

मग पुण्याच्या एका छोट्या चित्रपट महोत्सवातून बोलावणं आलं. मंदानंच बाजींच्या मागे लागून त्यांच्याकडून अर्ज भरवला होता. फिल्म लोकांना दाखवायची म्हणजे पुरुषही बघणार. बाजी सातही बायकांना विचारायला निघाल्या. घरी बोलावलं नाही, प्रत्येकीच्या दारी गेल्या. मी मनात म्हटलं, आता नवरे आडवे येणार, कुणी मौलानांचं नाव काढणार, संपलं. मी नाशिकचा, भद्रकालीत लहानाचा मोठा झालेला, तरी माझ्या डोक्यात हेच आलं. जे आलं ते सांगतोय.

झालं भलतंच. एकीनं अट घातली की तिचे नवे झुमके नीट दिसले पाहिजेत. एक म्हणाली, नवऱ्याची नक्कल कापायची नाही, तीच तर बघण्यासारखी आहे. तिच्या नवऱ्याला समजलं तेव्हा त्यानं पुण्याला यायची तयारी सुरू केली. एकीनं दोन दिवस विचार केला, आईला विचारलं, आणि डोक्यावर ओढणी असलेले तेवढेच भाग ठेव म्हणाली. बाजींनी तेवढेच ठेवले. सहा जणी झाल्या. राहिल्या अम्मी.

"नाही म्हणतात," बाजींनी येऊन सांगितलं.

मी सांत्वनाच्या सुरात म्हणालो, "साहजिक आहे. जुन्या वळणाच्या. त्यांना पडद्याचं वाटणारच."

बाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीत सावरून बसलो. "पडद्याचं काही नाही. दातांचं आहे. म्हणतात, दाँत नहीं है उसमें मेरे. पूना के लोगां को बिना दाँत का मुँह दिखाएगी? दात लावून परत हसते, परत काढ."

बाजींनी खरंच परत काढून बघितलं. त्याच गच्चीवर, त्याच बायका, अम्मी कवळी लावून मधोमध. सगळ्यांनी मन लावून हसायचा प्रयत्न केला. अम्मी हसल्या त्या एखाद्या समारंभाच्या पाहुण्यांसारख्या. बाजींनी कॅमेरा बंद केला. "कवळीनं हसणं येत नाही," म्हणाल्या.

नंतरचे तीन-चार महिने त्या घरात रोज हाच वाद. बाजी समजावायच्या, अम्मी मान हलवायच्या. त्यात चिडाचिड नव्हती. मला तर वाटतं, दोघींना त्यात मजा यायला लागली होती. जेवायला बसलं की अम्मी स्वतःच विषय काढायच्या. बाजी मात्र माझ्याकडे येऊन हताश व्हायच्या. "भाऊ, सगळी फिल्म अम्मींच्या हसण्याच्या त्या चाळीस सेकंदांत आहे. बाकीच्या सहा जणी हसतात ते छानच आहे. पण अम्मी हसल्या की कळतं, ह्या बायका रोज हसतात. कुणी बघतंय म्हणून नाही. ते नसेल तर मी काय दाखवलं?" पंचवीस वर्षं जी गोष्ट मनात धरून बसल्या होत्या ती हातात आली होती, आणि सासूच्या एका नकारावर अडली होती.

गणपती बसले त्या आठवड्यात अम्मी गेल्या. दम्याचा झटका आला, दवाखान्यात तीन दिवस होत्या. बाजी तिथून हलल्या नाहीत. मी आणि मंदा मातीला गेलो. चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर बाजी दुकानात आल्या. कृश झाल्या होत्या. महोत्सवाला महिना राहिला होता. मी नको ते बोललो. म्हणालो, "बाजी, आता तर नाही म्हणायलाही कुणी नाही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

त्यांनी फिल्ममधून अम्मींचा चेहरा काढला. ते चाळीस सेकंद पडदा नुसता काळा ठेवला. आवाज ठेवला, सहा जणींचा आणि त्यातला तो सूं सूं.  त्यांनी सासूचा शब्द राखला, असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

पुण्याला आम्ही गाडी करून गेलो, बाजी, मंदा आणि मी. सकाळचा खेळ होता. मी ती फिल्म पहिल्यांदाच बघत होतो. सगळे आवाज माझ्या ओळखीचे, चेहरे सगळे परके. जिचा आवाज ऐकून मी चांगली धिप्पाड बाई कल्पिली होती, ती काडीसारखी निघाली. लोक हसत होते, आणि बरोबर जागेवर हसत होते. मग तो काळा पडदा आला. बाकीच्यांना नुसता अंधार. मला मात्र तेवढ्यात सगळं दिसत होतं.

खेळ संपल्यावर प्रश्न सुरू झाले. एक दाढीवाला तरुण उठला. चांगला होता, मनापासून बोलत होता. म्हणाला, त्या काळ्या पडद्यानं तो हादरला. स्त्रीचं पुसून टाकलेलं अस्तित्व इतक्या धाडसानं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मग विचारलं, "तो चेहरा दाखवू नका म्हणून तुमच्यावर कुणाचा दबाव होता?"

बाजी माइकसमोर म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचा. त्यांचे दात नव्हते."

लोक हसले. तरुणही हसला, पण खाली बसेना. "नाही, पण खरं कारण?"

"हेच आहे."

"म्हणजे तुम्हाला उघड बोलता येत नाही, हे आम्ही समजू शकतो," तो म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला त्याचा राग आला. मग आठवलं, अम्मींनी नकार दिला तेव्हा मीही हेच बोललो होतो, फक्त माझ्या हातात माइक नव्हता.  बाजींना एक छोटं सन्मानचिन्ह मिळालं. ते त्यांनी मंदाच्या हातात दिलं आणि ओढणी सारखी करत खाली उतरल्या.

परतताना सिन्नर मागे पडलं. मंदा म्हणाली, "त्या मुलाचं मनावर घेऊ नका. तुम्ही अम्मींचा शब्द पाळलात, ते आम्हाला ठाऊक आहे."

"नाही पाळला," बाजी म्हणाल्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्यांनी नळी बाजूला करून मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, दिखा दे. दाँत-वाँत कुछ नहीं. कितनी मेहनत की तूने. दोनदा म्हणाल्या."

मी पुढच्या सीटवरून वळून बघितलं.

"मीच नाही दाखवलं, भाऊ. इतके महिने भांडले त्यासाठी, आणि परवानगी मिळाल्यावर हात चालेना. रोज संध्याकाळी ते चाळीस सेकंद मी लावते. त्या तशा कुणासमोर हसायच्या नाहीत. नवऱ्यासमोर नाही, मुलासमोर नाही. माझ्यासमोर हसायच्या. ते पण वाटून टाकलं, तर माझ्याकडे काय राहतं? दुनियेला दाखवायचं म्हणून आयुष्य काढलं, आणि वेळ आली तेव्हा मीच चिंगूस निघाले. त्या पोराला काय सांगणार होते? दबाव कुणाचाच नव्हता. मलाच द्यायचं नव्हतं."

मंदानं त्यांचा हात हातात घेतला. नाशिक येईपर्यंत तो तसाच होता.

भद्रकालीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ट्रायपॉडची पिशवी घेऊन मी त्यांच्या मागोमाग जिना चढलो, मंदा पुढे. बाजी दारासमोर उभ्या राहून पर्समध्ये किल्ली शोधत होत्या. सापडली, तर ती उलटी लागत होती.

"तीन महिने होत आले, अजून हात बसत नाही," त्या म्हणाल्या. "ह्या दाराला मी कधी बाहेरून कुलूप घातलंच नव्हतं. लग्नाचं काम आटपून कधीही आले तरी आतून विचारायच्या, कौन? मी म्हणायचे, मैं, और कौन आएगा. रोजचं होतं."

कुलूप निघालं. दार उघडलं. आत काळोख होता आणि आतून कुणी काही विचारलं नाही. बाजी उंबऱ्यावर थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. आम्ही दोघं मागे आहोत, याचं त्यांना भान नसावं. मग अगदी हळू, कुणी विचारल्यावर द्यावं तसं उत्तर देत त्या आत गेल्या, "मैं हूँ, अम्मी."